चूलबंद आवतन

आमच्या गावात जेवणाचं आवतन माणसाला देत नाहीत, चुलीला देतात. चैत्रात, हळदीची कामं उरकली की मारुतीच्या देवळापुढं भंडारा होतो. आदल्या दिवशी सकाळी एक माणूस घरोघर फिरून सांगतो की उद्या तुमची चूल बंद. म्हणजे त्या घरात उद्या काही शिजणार नाही, लहानथोर सगळ्यांनी पंगतीला यायचं. आता गावात बहुतेकांकडं गॅस आहे, चूल उरली ती पाणी तापवायला. तरी आवतन चूलबंदच. 'गॅसबंद आवतन' म्हणून बघा, गाव तुम्हाला वेड्यात काढील.

हा फिरणारा माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना बापू म्हणतो. डोंगरकडा गावचा बाजार जवळ असलेलं आमचं गाव फार मोठं नाही, पण घराघरातली माणसं ध्यानात ठेवायची म्हटलं तर लहानही नाही. बापूंच्या हातात कधी कागद नसायचा. दारात उभं राहायचं, खाकरायचं आणि त्या घरातली सगळी नावं एका दमात घ्यायची. चुलीपुढं बसणारीचं नाव पहिलं, मग कर्त्याचं, मग म्हाताऱ्यांची, मग लेकरांची, थोरल्यापासून शेंडेफळापर्यंत. एखादी सून पोटुशी असली तर शेवटी "अन् येणारं" असं जोडायचे. ती लाजून आत पळायची आणि सासू कौतुकानं ओरडायची. सगळी नावं झाली की "चूलबंद" म्हणायचं आणि थांबायचं. आतून कोणीतरी "पोचलं" म्हटल्याशिवाय बापू जागचे हलत नसत. घरातले शेतात गेलेले असले तर उन्हात उभे, नाहीतर ओट्यावर बसलेले.

मला हे सगळं पाठ आहे, ते त्यांच्यासोबत फिरून नव्हे. मी त्या सकाळी आत्याच्या चुलीपाशी असायचे, आवतन घेणाऱ्यांच्या बाजूला.

आत्या म्हणजे बापूंची धाकटी बहीण. तिला कनेरगाव नाक्याच्या पलीकडं, वाशीमच्या अंगाला दिली होती. मूलबाळ झालं नाही, नवऱ्यानं दुसरी आणली, आणि आत्या एक दिवस एसटीतून उतरली ती कायमचीच. मी तेव्हा पाळण्यात होते, त्यामुळं पुढचं आईकडून ऐकलेलं. बापूंनी तिला आतली खोली रिकामी करून दिली. आत्यानं चार दिवस आमच्यात भाकरी खाल्ली आणि पाचव्या दिवशी परसात माती कालवायला बसली. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही, आधी चूल घातली. खोली मग त्या चुलीभोवती उभी राहिली. भावाच्या दारात राहीन, भावाच्या चुलीवर राहणार नाही, एवढंच ती म्हणाली म्हणे. आईला ते लागलं होतं. बापू दुसऱ्या दिवशी पत्रे घेऊन आले.

तर आत्याची खोली आमच्या परसातच होती. आई मधल्या बुटक्या भिंतीवरून कालवणाची वाटी द्यायची आणि आत्या त्याच वाटीतून ठेचा परत पाठवायची. रिकामी वाटी त्या भिंतीवरून गेल्याचं मला आठवत नाही. शाळेतून आले की मी आधी आत्याकडं. हळदीच्या दिवसांत तिची बोटं पिवळीधमक असत. काढणी, शिजवणी, निवडणी, गावात कोणाचीही हळद असली तरी आत्या तिथं. कितीही घासली तरी बोटांचा रंग जायचा नाही आणि भाकरीच्या कडेला पुसट पिवळे ठसे उमटायचे. आईची भाकरी जास्त गोल आणि जास्त मऊ होती, हे मला आज कबूल आहे. पण ठसेवाली भाकरी ती माझी, असं मला वाटायचं. अजूनही हिंगोलीत बाजाराच्या बाजूनं वारा आला आणि हळदीचा वास आला की मला त्या भाकरीची भूक लागते.

भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी बापू सगळं गाव फिरून शेवटी आमच्या गल्लीत यायचे. आमच्या परसातून आत्याचं दार म्हणजे दहा पावलं. पण बापू परसातून कधी आले नाहीत. गल्लीनं पूर्ण वळसा घालून, कोणा परक्याच्या दारी आल्यासारखे समोरून यायचे. एरवी ते तिला 'बाई' म्हणत. तिथं मात्र तिचं नाव घ्यायचे, माहेरच्या आडनावासकट. एकच नाव. गावातली सगळ्यात आखूड यादी, पण आवाज तोच, सावकाश, दहा माणसांच्या घरापुढं लावायचे तसा. मग "चूलबंद". आत्याचा भाकरी थापणारा हात थांबायचा. ती पदर सारखा करायची आणि म्हणायची, "पोचलं." दोघं एकमेकांकडं बघायचीसुद्धा नाहीत.

मला हा सगळा खुळेपणा वाटायचा. पाचवीत असताना मी बापूंना विचारलं की भिंतीवरून हाक मारून सांगितलं तर काय बिघडतं.

"घरातलं सांगणं येगळं," बापू म्हणाले, "अन् चुलीचं आवतन येगळं."

मला काही कळलं नाही. मी मान डोलावली आणि खेळायला पळाले.

पुढं मी हिंगोलीला शिकले, तिथंच लग्न झालं आणि तिथंच एका खासगी ऑफिसात कंप्युटरवर बसले. बाजारात आलेल्या हळदीच्या नोंदी ठेवायचं काम. शेतकऱ्यांचं एक टेबल, म्हणजे कंप्युटरातला तक्ता, त्यांनी आणलेल्या मालाचं दुसरं. एका शेतकऱ्यानं पाच वेळा माल आणला तर दुसऱ्या टेबलात त्याच्या पाच ओळी. बघणाऱ्याला मात्र ते एका ओळीत हवं असतं: शेतकऱ्याचं नाव, आणि पुढं त्याच्या सगळ्या मालाचे नंबर, मध्ये स्वल्पविराम देऊन. त्यासाठी क्वेरी, म्हणजे कंप्युटरला द्यायचा हुकूम, लिहायची. दोन्ही टेबलं जोडायची, एकेका शेतकऱ्याच्या ओळी एकत्र करायच्या आणि त्यांतले नंबर माळेसारखे ओवायचे. शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर हे लिहिलं तेव्हा वर्गात सगळ्यांचे चेहरे पडले होते. मला हसू आलं. हे तर आमचे बापू दरवर्षी करतात, आणि तेही नुसतं खाकरून. फक्त "अन् येणारं" कोणत्या टेबलात टाकायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी बापूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय फरफटायला लागला आणि बोलणं बंद झालं. कळत सगळं होतं. विचारलेलं समजायचं, हसू यायचं, चिडायचेही, पण तोंडातून 'हं' च्या पुढं काही निघायचं नाही. गावाची एवढी नावं त्या डोक्यात होती आणि बाहेर यायला वाट नव्हती. मी त्यांच्या खाटेपाशी बसून दोन-चार घरांची नावं घ्यायचे, एखादं मुद्दाम चुकवायचे. ते डाव्या हातानं माझ्या मनगटावर टिचकी मारायचे. आमचं बोलणं तेव्हा असं चालायचं.

त्या वर्षी भंडारा आला आणि आवतन कोण सांगणार, हा प्रश्न पडला. देवळाच्या कमिटीत माझा चुलत भाऊ आहे. त्याचा फोन आला: तू कंप्युटरवाली, घराघरातल्या नावांची यादी काढून दे, आम्ही चिठ्ठ्या छापून वाटतो. मी एका पायावर तयार झाले. बापूंचं काम आता मी करणार, असं ऑफिसात मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

घरांचं टेबल मी ग्रामपंचायतीच्या यादीवरून केलं. आत्याच्या खोलीला तिथं स्वतंत्र नंबर होता; बापूंनीच कधीकाळी चार खेटे घालून तो लावून घेतलेला. माणसांचं टेबल मी रेशन कार्डांवरून केलं, आणि प्रत्येक माणसापुढं तो राहतो त्या घराचा नंबर टाकला. आत्याचं नाव आमच्या रेशन कार्डावर होतं. तिच्यापुढं मी आमच्या घराचा नंबर टाकला. नजरचुकीनं झालं असतं तर मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. पण मला स्पष्ट आठवतं, बोटं क्षणभर थांबली होती. मग वाटलं, आत्या आमचीच तर आहे. मी प्रेमानं टाकला तो नंबर, आणि त्याचाच मला आजही स्वतःवर राग येतो.

क्वेरी चालवली. आमच्या घरापुढं आई, बापू, भाऊ, वहिनी, त्यांची दोन लेकरं आणि शेवटच्या स्वल्पविरामानंतर आत्या. भरलेलं घर बघून मला बरं वाटलं. आत्याच्या खोलीचा नंबर घरांच्या टेबलात होता, पण त्याला जोडलेलं माणूस आता एकही नव्हतं. साध्या जॉइनमध्ये, म्हणजे टेबलं जोडायच्या नेहमीच्या पद्धतीत, अशा घराला जागा नसते. दोन्हीकडं जोडी जुळली तरच ओळ येते, नाहीतर ते घर गळतं. क्वेरीत एखादं अक्षर चुकलं तर कंप्युटर लगेच लाल अक्षरांत ओरडतो. घर गळालं तर तो काहीच बोलत नाही. यादी सुबक दिसत होती, आणि मी ती मोजून बघितली नाही.

भंडाऱ्याच्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं गावी गेले. देवळापुढं मांडव, मोठ्या कढईत वांग्याची भाजी, पाट्यांतून बुंदी. चुलत भाऊ चार लोकांत माझं कौतुक करत होता की यंदा एक माणूस सुटलं नाही. मीही फुगून उभी होते. बापूंना भावानं खुर्चीवर आणून लिंबाखाली बसवलं होतं. पंगत बसली, पत्रावळी पडल्या, आणि मी बापूंकडं बघितलं तर त्यांचं पंगतीकडं लक्षच नव्हतं. ते आमच्या गल्लीकडं बघत होते. मी बघतेय असं दिसल्यावर त्यांनी डावा हात उचलून तिकडं दाखवलं.

भंडाऱ्याच्या दिवशी गावात धूर असतो तो देवळामागच्या चुलाण्यांचा. आज आमच्या घराच्या मागून एक बारीक धूर वर चढत होता.

मी पळत गेले. आत्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, रोजच्यासारखी, काही विशेष नसल्यासारखी. मी धापा टाकत म्हणाले की पंगत बसली, चल लवकर.

"मला कुठं आवतन हाय?" ती म्हणाली.

"हाय की. चिठ्ठीत तुझं नाव हाय, आमच्या घरात. मीच टाकलं."

"तुझ्या वहिनीनं वाचून दाखवली चिठ्ठी." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "नाव हाय. चूल न्हाई."

मी समजावलं, मग विनवलं, मग चिडले. सगळं गाव तिथं जेवतंय आणि तू एका नंबरावरून रुसून बसलीस, असं काहीतरी बोलले. आणि शेवटी म्हणाले, "तू काय परकी हायेस का? आमच्यातलीच ना?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. लहानपणी मी पाढा चुकले की बघायची तसं.

"तुमच्यातच राहायचं असतं तं माती काहून कालवली असती मी?"

वीस-पंचवीस वर्षं मी त्या चुलीपाशी बसून खाल्लं होतं आणि ती चूल कशासाठी होती हे मला त्या दुपारी कळलं. एका बाईनं सगळं गेल्यावर स्वतःच्या हातानं उभं केलेलं एवढंच होतं, आणि मी ते स्वल्पविरामाच्या मागं ढकललं होतं. मी तिथंच उंबऱ्याच्या आत खाली बसले.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. बापू येत होते, पाय ओढत, आणि परसातून नव्हे, गल्लीनं वळसा घालून. मागून चुलत भाऊ त्यांना धरायला बघत होता आणि ते कोपरानं त्याला झटकत होते. दारासमोर येऊन ते उभे राहिले. काठी रोवली. खाकरले.

आत्याचा हात थांबला. तिनं पदर सारखा केला.

बापूंचे ओठ हलले, पण आवाज नाही. पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावरून घाम ओघळला. मला आत्याचा असा संताप आला म्हणून सांगू. तू 'पोचलं' म्हणून टाक ना, सोडव त्यांना. पण ती मान खाली घालून वाट बघत राहिली. आवतन पुरं झाल्याशिवाय उत्तर द्यायचं नसतं, आणि तसं दिलेलं बापूंना चाललंही नसतं. ते त्या दोघांना माहीत होतं, मला नव्हतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी कोणी हललं नाही.

मग तिचं नाव आलं. आधी अर्धं, मोडकं, मग थांबून उरलेलं. झटक्यानंतर बापूंच्या तोंडून निघालेला पहिला धड शब्द तो. आडनाव जमलं नाही. 'चूलबंद' तर नाहीच जमलं.

"पोचलं, दादा," आत्या म्हणाली.

आवतनाच्या उत्तरात तिनं 'दादा' कधी जोडलेलं मी ऐकलं नव्हतं. तिनं चुलीतली लाकडं ओढली आणि तांब्यातलं पाणी त्यांच्यावर ओतलं. करपलेली भाकरी तव्यावर तशीच ठेवून तिनं दाराला कडी लावली, आणि आम्ही गल्लीनंच देवळाकडं गेलो, बापूंच्या चालीनं. मी वाटभर रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी आत्यापुढचा घर नंबर बदलला. तेवढ्यानं काम झालं असतं. पण क्वेरीतही मी एक शब्द घातला. साध्या जॉइनचा लेफ्ट जॉइन केला. त्यात घरांचं टेबल पहिलं धरतात. माणूस जोडलेलं असो नसो, घराची ओळ येतेच. पुढची वर्षं चिठ्ठ्या बरोबर निघाल्या. बाकीच्या घरी कमिटीची माणसं चिठ्ठ्या टाकायची, आत्याची तेवढी बापू स्वतः घेऊन जायचे, गल्लीनं. नाव घ्यायचे. हळूहळू आडनावही जमायला लागलं.

यंदाच्या हिवाळ्यात आत्या गेली. आठ दिवस अंगात ताप होता, शेवटपर्यंत चूल तिनंच पेटवली. आईनं कितीदा म्हटलं, वाटी पाठवते, तर म्हणाली, पाठव, पण भाकरी माझी मी करीन. गेली तेव्हाही तिची बोटं पिवळी होती. हळदीचे दिवस तर अजून यायचे होते, तो मागच्या वर्षीचाच रंग असणार.

भंडाऱ्याच्या आधी मी माणसांच्या टेबलात तिच्या नावापुढं खूण केली. ती खूण असलेली नावं क्वेरी घेत नाही. ते एक बटण दाबायला मला अर्धा दिवस लागला. यादी पाठवली आणि संध्याकाळी चुलत भावाचा फोन आला. एक चिठ्ठी कोरी येते म्हणाला. घराचा नंबर आहे, पुढं काहीच नाही. मोकळ्या घराला आवतन काहून द्यायचं, तेवढं काढून टाक. त्याचं चुकीचं नव्हतं. एक शब्द खोडला की ते घर आपोआप गळलं असतं, आणि कंप्युटर काही बोललाही नसता. बघते म्हणाले आणि फोन ठेवला. क्वेरीत काही बदललं नाही.

आवतनाच्या दिवशी गावी आले आणि ती चिठ्ठी मीच बापूंकडं घेऊन गेले. बापू ओट्यावर बसले होते. त्यांनी ती डाव्या हातात धरून वाचली, उलटून मागं बघितलं, पुन्हा नंबर वाचला. मग काठी घेतली. ऊन होतं म्हणून मी परसातल्या दाराकडं वळले, तर त्यांनी काठीनं माझी वाट अडवली. आम्ही गल्लीनं गेलो.

दाराला कडी होती. फटीतून चूल दिसत होती. आई दर सोमवारी सारवते. बापू आता नाव घेतील म्हणून मी बाजूला उभी राहिले. त्यांनी नाव घेतलं नाही. चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि हनुवटीनं दाराकडं खूण केली.

मी खाकरले. आत्याचं नाव घेतलं, माहेरच्या आडनावासकट, सावकाश, दहा माणसांचं घर असल्यासारखं. मग म्हणाले, चूलबंद. आणि माझ्या लक्षात आलं की आता हलता येणार नाही. आतून कोणी बोलल्याशिवाय आवतन सांगणारा हलत नसतो. आम्ही दोघं उन्हात उभी राहिलो. पलीकडं आई भांडी घासायची थांबली होती.

मग माझ्या शेजारून आवाज आला, जड, पण स्वच्छ.

"पोचलं," बापू म्हणाले.